पेन माझ्याकडं द्या

ऑफिसात संघपालला सगळे 'सर' म्हणतात. मी म्हणत नाही. तो माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान आहे आणि त्याच्या बापाला मी ओळखतो, एवढी दोन कारणं मला पुरतात. तो मला तात्या म्हणतो आणि माझ्या मोबाईलमधला गोंधळ निस्तरून देतो, त्यामुळे आमचं बरं चाललेलं असतं.

मी जोतीराम, राहणार भवानीनगर. उमेदीची सगळी वर्षं उसाच्या फडात चिटबॉय म्हणून गेली. कुणाचा ऊस कधी तुटणार, कुठल्या रानात टोळी पाठवायची, हे चिठ्ठीवर लिहून गावोगाव फिरायचं. पुढं ते काम मोबाईलवर गेलं आणि चिठ्ठ्यांबरोबर मीही मोडीत निघालो. त्याच सुमाराला विजयसिंहांनी बारामतीत भिगवण रोडला सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही पाहिजे, तात्या. कळणारे चौघं आहेत, शेतकऱ्याशी बोलणारा एकही नाही."

कळणाऱ्या चौघांत संघपाल पहिला. कळसचा. उंच, वाळलेला, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय हा गडी दळणालासुद्धा जात नाही. एकदा मी त्यावरून त्याची टोपी उडवली. तो हसला नाही. म्हणाला, "तात्या, तुम्ही मळक्या शर्टात गेलात तर लोक म्हणतात, शेतातनं आलेत. मी गेलो तर वेगळं म्हणतात." त्या दिवशी मी विषय बदलला होता.

कामाचंही तसंच. एखादी गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय हातावेगळी करायची नाही. त्याच्या वस्तीतला बारामतीत असलं काम करणारा तो पहिला. आपण चुकलो की चूक आपल्या एकट्याच्या नावावर पडत नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांच्या नावावर पडते, असं तो एकदा बोलून गेला होता. मला ते जरा जास्तीचं वाटलं होतं. वाटायला काय जातं, माझ्या चुका कायम माझ्याच नावावर पडत आल्यात.

आता काम काय ते सांगतो. आमचा प्रोग्राम एका कारखान्यासाठी चालतो. कुठल्या ते सोडा. बावीस हजार शेतकऱ्यांच्या नोंदी. रोज संध्याकाळी पाचला प्रोग्राम सुटतो, लागणीची तारीख, उसाची जात, रस्ता, टोळ्या असं सगळं हजारो प्रकारे उलटसुलट लावून बघतो आणि तोडणीची यादी काढतो. ज्याची पाळी येणार त्याला आठवडाभर आधी मेसेज जातो : रानाचं पाणी बंद करा, टोळी येत आहे. यातलं पाणी बंद करणं महत्त्वाचं. रान ओलं असलं की ट्रॉली रुतते, मुकादम आयमाय उद्धारतो आणि टोळी पुढच्या रानात निघून जाते. तुमचा नंबर मग यादीच्या तळाला.

ही यादी निघायला पूर्वी अकरा मिनिटं लागायची. संघपालनं ती चारवर आणली. कारखान्याच्या मीटिंगमध्ये विजयसिंहांनी घड्याळ लावून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते काम दोन वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून ऑफिसात त्याचा शब्द शेवटचा.

यंदा जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी कळसच्या द्वारकाबाईंचा फोन आला. नवरा नाही, लेक दिलेली, दीड एकर ऊस बाई एकटीच्या जिवावर करते. मी चिटबॉय होतो तेव्हापासून तिची चिठ्ठी मीच लिहीत आलो होतो.

"जोतीराम, टोळी आली न् गेली. काल पाणी दिलं व्हतं रानाला."

"मेसेज आला नव्हता का?"

"आला आसता तर पाणी दिलं आसतं व्हय मी?"

मी म्हटलं, फोन बंद असेल. बाई शांतपणे म्हणाली, "माजा फोन कवाच बंद नसतो. लेकीचा येतो." मी म्हटलं, मशीनची कायतरी चूक असेल, बघतो. दुपारपर्यंत असले त्रेचाळीस फोन झाले. सगळे कळसच्या गटातले. बाकी गटांत सगळं सुरळीत.

विजयसिंहांनी सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. मेसेज जाऊ लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं, मग या पंधरवड्यात बदललं काय? बदललं होतं एकच. गावात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी चिकटवतात, त्यात लोकांचे मोबाईल नंबर उघडे दिसायचे. बायामाणसांना नको ते फोन यायला लागले, म्हणून कारखान्यानं सांगितलं होतं की नंबरातले मधले आकडे झाका, त्यावर फुल्या टाका. ते काम वैष्णवीनं केलं होतं आणि पहिल्यांदा फक्त कळसच्या गटाला चालू केलं होतं.

वैष्णवी मोरगावची. नोकरीला सहा महिने झालेले, अजून कायम नाही. रोज एसटीनं ये-जा, डबा उघडला की सगळ्यांना चटणी. बाप शेरडं राखतो आणि भेटेल त्याला लेकीची नोकरी सांगतो. धाकट्या बहिणीला, प्रगतीलाही हेच शिकायचं होतं.

केबिनमध्ये मला कुणी काही विचारलं नव्हतं. तरी मी बोललो. "नव्या माणसाच्या हातचं काम हाय, दुसरं काय आसणार." हे वाक्य मी नीट आठवून इथं लिहितोय, कारण पुढच्या सगळ्याला सुरुवात त्यानं झाली.

वैष्णवी उभी राहिली. "सर, मी मूळ नंबरला हातच लावलेला नाही. मी त्याची कॉपी घेतली आणि कॉपीवर फुल्या मारल्या. भाषेचा नियमच तसा आहे." हे ती विजयसिंहांना नाही, संघपालला सांगत होती. संघपाल लॅपटॉपकडे बघत होता. म्हणाला, "बघतो."

पोरांनी कॉम्प्युटरमधली मूळ नोंदवही उघडली तर सगळे नंबर धड. पाठवलेल्या मेसेजांची यादी उघडली तर तिथं नंबरांवर फुल्या, पण त्या यादीतही नंबर झाकायचंच ठरलं होतं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. संध्याकाळी वैष्णवीचं काम बंद करून प्रोग्राम सोडला. कळसच्या गटाला एकूण एक मेसेज पोचला. झालं, चोर सापडला.

कारखान्याच्या शेतकी साहेबांनी लेखी मागितलं : चूक कुणाची, कारवाई काय. विजयसिंहांनी पुढच्या सोमवारपर्यंत, म्हणजे दहा दिवसांची मुदत घेतली. पत्रात वैष्णवीचं नाव जाणार आणि नोकरी जाणार, हे सगळ्यांना कळलं. बारामती केवढी! असलं पत्र एकदा गेलं की तिला दुसऱ्या दारात कुणी उभं करणार नव्हतं. घरी बापानं सांगितलं होतं, आधी थोरलीचं काय होतंय ते बघू, मग प्रगतीचा फॉर्म भरू. हे ती कुणाला सांगत नव्हती, डबा खाताना एकदा निघून गेलं तोंडातून.

संघपालचं 'बघतो' एरवी तासाभरात संपतं. या वेळचं संपेचना. तो सकाळी सगळ्यांआधी यायचा, खुर्चीत बसायचा आणि काहीच करायचा नाही. मी विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हणाला, बरी आहे. मुदत संपायच्या आधीच्या शनिवारी एक अजब गोष्ट घडली. जो माणूस टपरीवर कधी पाय ठेवत नाही, त्यानं वैष्णवीला खाली नेऊन चहा पाजला. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा जरा उजळला होता. मला म्हणाली, "सर म्हणाले, धीर सोडू नको. सरांना माझ्यावर विश्वास आहे, तात्या." मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी कळसला गेलो. द्वारकाबाईंचं रान डोळ्यांनी बघून साहेबांना सांगावं, नंबर थोडा वर घेता आला तर बघावं, असा विचार होता. संघपाल रविवारी गावीच असतो, त्याला बरोबर घेतलं. यायला तो का कू करत होता, मी ओढूनच नेलं.

उसाला पांढरे तुरे आले होते. तुरा आला की ऊस आतून पोकळ व्हायला लागतो, वजन जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. द्वारकाबाई बांधावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"संघपाल, तुज्याच हापिसातनं येतो न्हवं ह्यो मेसेज?"

"व्हय, काकू."

"मंग तू तरी सांग. माजं काय चुकलं?"

बाईनं एक कांडं मोडून त्याच्या हातात दिलं. आत नुसता कापूस. ते कांडं तो घरापर्यंत हातात धरून चालला होता.

संघपालचा बाप कचरूराव. तालुक्याच्या एका कचेरीत दप्तरखान्याचा शिपाई म्हणून एकतीस वर्षं काढली. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या वह्या लाल कापडात बांधून फळ्यांवर लावलेल्या असत, त्यांची किल्ली यांच्याकडे. आमची ओळखही तिथलीच. मी तरणा असताना एका फेरफाराची नक्कल काढायला गेलो, तर या माणसानं आधी माझ्यासमोर तळहात पसरला. मला वाटलं, चिरीमिरी मागतोय. मी खिशात हात घातला. तो म्हणाला, "पैसं ऱ्हाऊ द्या. पेन माज्याकडं द्या."

त्याची पद्धत होती ती. कागद नुसता वाचायचा असेल, तर नकलेचा खटाटोप नको. समोर बसा, अस्सल वही उघडतो, वाचा आणि उठा. वेळ वाचला, कागद वाचला. पण त्याआधी खिशातलं पेन त्याच्याकडे जमा. आणि कुणाला त्यावर काही लिहायचं, खुणा करायच्या, बाहेर न्यायचं असेल, तर त्याला अस्सलचं दर्शनही नाही. नक्कल काढून घ्या आणि तिच्यावर काय पाहिजे ते गिरवा. आमदाराचा माणूस असो की मास्तर, पेन आधी बाहेर.

आम्ही अंगणात बसलो. मी रामराम म्हटलं, त्यांनी जयभीम म्हटलं. तीस वर्षं आम्ही आपापला नमस्कार सोडलेला नाही आणि दोघांचंही त्यावाचून काही अडलेलं नाही. कचरूरावांनी विचारलं, "द्वारकाच्या उसाचं काय झालं?"

मला बोलायला निमित्तच पाहिजे असतं. मी सगळं सांगितलं. एका नव्या पोरीला नंबरांवर फुल्या मारायला सांगितल्या होत्या, नकलेवर मारायच्या सोडून तिनं अस्सलवरच मारल्या, म्हणून मेसेज गेले फुल्यांना, ती म्हणते मी नक्कलच मागितली होती, आणि आता तिची नोकरी जाणार. बरोबरच आहे म्हणा, असंही जोडलं.

कचरूराव ऐकत होते. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "पर अस्सल तिच्या हातात दिलं कुणी?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हंजे?"

"ती म्हनती, मी नक्कल मागितली. मंग नक्कल म्हनून तिच्या हातात अस्सल ठिवलं कुणी? लिवणाऱ्याचं काय हो, त्याच्या हातात पेन हाय, त्यो लिवनारच. दप्तर कुनाकडं व्हतं?"

मी संघपालकडे बघितलं. ते पोकळ कांडं त्यानं बोटांनी चुरून टाकलं होतं, पांढरा भुसा पँटीवर सांडला होता.

"माज्याकडं," तो म्हणाला.

मग त्यानं जे सांगितलं ते मला त्या दिवशी अर्धं कळलं, बाकीचं नंतर त्यानंच पुन्हा दोनदा समजावलं. तो ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो, तिच्यात लिहिलेला मजकूर मोहरबंद असतो. नाव असो, मोबाईल नंबर असो, एकदा ठेवला की त्यातलं अक्षर कुणाला बदलता येत नाही. बदलायचं असेल तर त्याचे सुटे बाइट करून घ्यावे लागतात, म्हणजे अक्षरांचे सुटे दाणे, एकेक उचलून दुसरा ठेवता येईल असे. मोहरबंद मजकुराचे सुटे दाणे मागितले की भाषा अस्सलला धक्का लावत नाही, नवी नक्कल काढून देते. यादी लावताना प्रोग्राम एकेक नोंद हजारो वेळा बघतो, दर वेळी नक्कल काढतो आणि लगेच फेकून देतो. अकरा मिनिटं जात होती ती या फेकायच्या नकलांपायी. बहुतेक ठिकाणी तर कुणी त्यांच्यावर काही लिहीतही नव्हतं, नुसतं वाचत होतं.

त्या भाषेला एक मागचं दार आहे. त्या दाराचं नावच 'असुरक्षित' असं ठेवलंय, करणारे प्रामाणिक म्हणायचे. त्या दारानं गेलं की नक्कल न काढता अस्सलच सुट्या दाण्यांसारखं हातात मिळतं. संघपालनं दोन वर्षांपूर्वी तसं केलं. वरून दिसायला नक्कल, आत अस्सल. अकराची चार मिनिटं झाली ती तिथं. वैष्णवीनं नियमाप्रमाणं नक्कल मागितली, तिच्या हातात अस्सल पडलं, तिनं फुल्या मारल्या, आणि त्याच फुल्या मेसेज पाठवणाऱ्याकडे नंबर म्हणून गेल्या. हे सगळं कॉम्प्युटरच्या चालू आठवणीत झालं, म्हणून मूळ नोंदवही कोरी करकरीत राहिली.

"तुला कवा कळलं?" मी विचारलं.

"त्या शुक्रवारी. केबिनमधीच. ती बोलली तवाच."

मला इतका राग आला की मी उठून उभा राहिलो. नऊ दिवस! नऊ दिवस ती पोर एसटीत तोंड लपवून जात होती आणि हा गडी खुर्चीत बसून 'बघतो' म्हणत होता. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. बोलून झाल्यावर मला आठवलं की तिचं नाव पहिलं घेणारा मीच, आणि मी खाली बसलो.

संघपाल बापाकडे बघून बोलत होता. "आबा, तुमी करत व्हता तेच आता कंपायलर करतो. आमी लिवलेलं मशीनला कळंल असं करून देणारा प्रोग्राम असतो, त्यो. नवीन आवृत्ती आलीया त्याची. त्यो आदी बघतो, ह्या बाइटांवर पुढं कुणी लिवणार हाय का. कुणाच्याच हातात पेन न्हाय अशी खात्री पटली, तर नक्कल काढतच न्हाय, अस्सलच वाचाय देतो. एक जरी लिवणारा दिसला, तर तिथं नक्कल. मी कशाचीच खात्री केली न्हवती. नुसतं दार उघडून दिलं."

"मंग ती नवी आवृत्ती का न्हाय घातली?"

"दिवाळीतच घातलीया. माजं दार काढलं तरी चाललं आसतं. काढून बघितलं बी एकदा. यादीला चार मिनिटं सहा सेकंद लागली. माज्या दारानं चार मिनिटं. सहा सेकंदं माजं पुढं व्हतं. म्हनून ठिवलं."

सहा सेकंद. द्वारकाबाईचा ऊस, वैष्णवीची नोकरी, प्रगतीचा फॉर्म. मी बोटांवर मोजत बसलो.

कचरूरावांनी लेकाच्या पँटीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "सांगून टाक."

"सांगितलं तर काय म्हनतील ठावं हाय न्हवं तुमाला? ती पोरगी चुकली तर नवीन हाय म्हनतील. मी चुकलो तर काय म्हनतील? आपल्या वस्तीतली चार पोरं हितं नोकरीला लागायची हायेत."

"ठावं हाय. माज्यावर बी आलं व्हतं."

आणि त्यांनी जे सांगितलं ते संघपालनंही कधी ऐकलेलं नव्हतं. एका वकिलाचा कारकून रोज दप्तरखान्यात यायचा. ओळखीचा झालेला. एक दिवस त्याच्यापुढं तळहात पसरायची यांना लाज वाटली. अस्सल वही उघडून दिली आणि हे पाणी प्यायला गेले. परत आले तर एका नावावर शाईची रेघ. कारकून गेलेला. बघितलेलं कुणी नाही. वही बांधून फळीवर ठेवली असती, तर पुढची वीस वर्षं कुणाला पत्ता लागला नसता.

"तसाच सायबाकडं गेलो. माज्या हातनं झालं म्हनून सांगितलं. सेवापुस्तकात शेरा मारला. नाईक व्हनार व्हतो, शेवटपातूर शिपाई ऱ्हायलो."

संघपालचा आवाज चढला. "तुमी तर सांगायचा, जातीपायी डावललं!"

"ते बी खरंच हाय. माज्या आदी दोगांच्या हातनं वह्या खराब झाल्या व्हत्या. त्यास्नी तोंडी समज दिली. मला शेरा दिला."

"हे ठावं आसून सांगितलं? कशापायी?"

कचरूराव म्हणाले, "ज्याच्या नावावर रेघ पडली व्हती, त्याचं रान व्हतं त्यात."

माझ्यासारख्या माणसानं तिथं काय बोलायचं? तोंडी समज मिळालेल्यांत माझ्याच भावकीतलं कुणी असेल. बारामतीपर्यंत तो माझ्या गाडीवर मागे बसून आला.

सोमवारी दहा वाजता तो विजयसिंहांच्या केबिनमध्ये गेला. मला त्यानं बरोबर घेतलं. साक्षीला घेतलं असावं, किंवा आपण मागे फिरू नये म्हणून. त्यानं सगळं सांगितलं, सहा सेकंदांसकट. विजयसिंह वाईट माणूस नाही, पण धंदेवाला आहे.

"संघपाल, मला सांगितलंस, बरं केलंस. आता हे इथंच राहू दे. त्या मुलीला मी पुण्यात माझ्या मित्राकडे लावून देतो, शब्द माझा. पण पत्रात तुझं नाव गेलं, तर कारखाना तुझ्या हातचं काही घेणार नाही."

"बरोबर आहे, सर. पण अस्सल मी दिलं होतं."

"तुझी चार मिनिटं दाखवून मी हे काम मिळवलं रे."

"हो सर."

पत्रात संघपालचं नाव गेलं. त्याचं दार त्यानं त्याच दिवशी काढून टाकलं. कंपायलरनं बाकी सगळीकडे अस्सल वाचायला दिलं आणि वैष्णवीच्या फुल्यांच्या तेवढ्या ठिकाणी नक्कल काढली. तिच्या कामातलं एक अक्षर बदलावं लागलं नाही. यादीला चार मिनिटं सहा सेकंद लागतात, आजतागायत कुणाची तक्रार नाही.

पत्र घेऊन कारखान्यात मीच गेलो होतो. शेतकी साहेबांनी नाव वाचलं, आडनाव पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "वाटलंच मला." समोरचे दोघं हसले. मी पत्राची पोच घेतली. बाहेर येऊन गाडीला लाथ मारली, गाडीचा काय दोष. ही गोष्ट मी संघपालला अजून सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. त्याला ती न सांगताही माहीत असणार.

कारखान्याच्या कामावरनं त्याला काढलं. आता तो शाळांच्या वेळापत्रकाचं काहीतरी करतो, कोपऱ्यातल्या टेबलावर. शर्टाला इस्त्री तशीच. द्वारकाबाईंचा ऊस मार्चअखेर तुटला, निम्म्या वजनाचा. त्याआधी संघपाल एकटा तिच्याकडे जाऊन आला, सगळं सांगून आला. मला बाईनंच पुढं सांगितलं. म्हणाली, "पोरगं हात जोडून उबं व्हतं. म्हनलं, आतापातूर सगळी मशीन चुकली म्हनत व्हती. जोतीराम बी. तू पयला म्हनतुयास, मी चुकलो. बरं वाटलं रं. पर ऊस वाळला त्यो वाळलाच."

आणि वैष्णवी. तिची नोकरी टिकली, कायमही झाली, प्रगतीचा फॉर्म भरला गेला. मला वाटलं होतं, पोरगी संघपालच्या पाया पडेल. त्या सोमवारी केबिनमधून बाहेर येऊन तो तिच्या टेबलाजवळ गेला आणि उभ्यानंच सगळं बोलला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे शनिवारी चहा पाजलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"घरी गेल्यावर मी वडिलांना सांगितलं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून. त्यांनी देवापुढं साखर ठेवली, सर."

ती रडली नाही, ओरडली नाही. स्क्रीनकडे वळली आणि कामाला लागली. त्यालाही आता चार महिने झाले. ती त्याला सर म्हणते, आदरानं बोलते, चटणी देते. फक्त एक झालंय. शाळांच्या कामात त्यानं लिहिलेलं काही तिला वापरायचं असलं, की ती आधी त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहते आणि सगळ्यांच्या देखत विचारते, "सर, ही कॉपी आहे का अस्सल?"

तो दर वेळी उघडून बघतो आणि मगच उत्तर देतो.